शब्दविचार : एका पिसाची पाखरे

या सदरास वाचकांची पत्रे येतात, त्यांतील बहुतेक शुद्धलेखनाविषयी असतात. काही तर आमच्याच शुद्धलेखनाविषयी! या खेपेस मात्र दिमोना येथील एका भगिनींनी निराळाच प्रश्न विचारला आहे. अलिबाग तालुक्यातून निरनिराळ्या काळी इकडे आलेल्या आपल्या गोतावळ्याचे एक संमेलन त्या भरवीत आहेत. लंडनहून पाहुणे यावयाचे आहेत, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, म्हणून निमंत्रणपत्रिका इंग्रजीत छापण्याचे ठरले. पत्रिकेच्या शिरोभागी त्यांच्या नातवाने 'बर्ड्स ऑफ अ फेदर फ्लॉक टुगेदर' हे वचन घातले असून त्याभोवती पाखरांची सुरेख नक्षीही काढली आहे. 'इंग्रजी बरोबर आहे ना, एवढेच कळवावे,' असे भगिनी लिहितात.

इंग्रजी बरोबर आहे. परंतु पत्रिका अद्याप छापखान्यात गेली नसेल तर चार दिवस थांबावे, अशी आमची विनंती आहे. तिचे कारण चार ओळींत मावणारे नसल्यामुळे हा सबंध लेख त्या प्रश्नासच दिला आहे.

प्रथम व्याकरण. या वचनातील इवलेसे 'अ' विद्यार्थ्यांना हमखास चकवते. 'अ' म्हणजे 'एक' हे पहिल्या इयत्तेतच पाठ झालेले असते. मग 'एक पीस असलेली पाखरे एकत्र उडतात' असे भाषांतर वहीत उतरते आणि एकच पीस उरलेले ते बापडे पाखरू उडणार कसे, असा प्रश्न मागील बाकावरून येतो. हा प्रश्न आम्हांस इतक्या वर्गांत विचारला गेला आहे, की आता तो आला नाही तर चुकल्यासारखे वाटते! खरे पाहता येथे 'अ'चा अर्थ 'एकाच प्रकारचे', 'सारखे' असा आहे. 'टू ऑफ अ काइंड' म्हणजे एकाच जातीचे दोन. 'ऑफ अ साइझ' म्हणजे एकाच मापाचे. 'ऑफ अ फेदर' म्हणजे सारख्या पिसांचे. इंग्रजीतील ही जुनी लकब आता अशा ठरावीक वचनांतच काय ती शिल्लक राहिली आहे.

दुसरा शब्द 'फ्लॉक'. आपल्याला लहानपणी समूहदर्शक शब्दांची यादी पाठ करावी लागे : पोपटांचा थवा, हरणांचा कळप, मधमाश्यांचे मोहोळ, द्राक्षांचा घोस, मेथीची जुडी, माणसांचा घोळका आणि चोरांची टोळी. मराठीने प्रत्येकाला आपापला शब्द दिला आहे. इंग्रजी 'फ्लॉक' मात्र पाखरांचा थवा, शेळ्यामेंढ्यांचा कळप आणि धर्मोपदेशकाची भाविक मंडळी अशा तिघांनाही चालतो. पाखरे स्वतःच्या इच्छेने उडतात, मेंढरांना कोणीतरी हाकीत असतो. एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी वसतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता प्रयोग. अर्थ सरळ आहे : समान स्वभावाची, समान आवडीची माणसे एकत्र येतात. संस्कृतात 'समानशीलव्यसनेषु सख्यम्' म्हणतात तेच. परंतु शब्दकोशातील अर्थ एक आणि ओठांवरील अर्थ दुसरा. इंग्रज माणूस हे वचन स्तुतीसाठी फारसे वापरीत नाही. दोन लबाड व्यापारी भागीदारी करतात, दोन उनाड मुले एका बाकावर सापडतात, तेव्हा तो 'बर्ड्स ऑफ अ फेदर' एवढेच म्हणून थांबतो. उरलेले अर्धे वचन ऐकणाऱ्याने मनात पूर्ण करावयाचे असते. आपल्या 'एकाच माळेचे मणी' या वाक्प्रचाराचा सूर नेमका हाच. 'आमची मुलगी व आपला मुलगा एकाच माळेचे मणी आहेत' असे लग्नाच्या बैठकीत कोणी बोलले तर ती बैठक तेथेच मोडेल.

हा उपहास वचनाला मागाहून चिकटला असे नाही. लिखित इंग्रजीत ते प्रथम आढळते इ. स. १५४५ मध्ये, विल्यम टर्नर नावाच्या ग्रंथकाराच्या पुस्तकात. आणि ते पुस्तक रोमच्या धर्मपंथीयांवर केलेली जहाल टीका आहे. गंमत अशी, की हाच टर्नर पक्ष्यांचा मोठा अभ्यासक होता. आदल्याच वर्षी, १५४४ मध्ये, कोलोन येथे त्याचा पक्ष्यांवरील लॅटिन ग्रंथ छापला गेला होता. पाखरे जाणणाऱ्या माणसाने पाखरांचे वचन वापरले ते विरोधकांना झोडपण्यासाठी! त्याच्या वाक्यात 'पीस' नाही. एका जातीची आणि एका रंगाची पाखरे, असे त्याने म्हटले आहे. रंग हा शब्द पुढे गळून पडला. निदान वचनातून तरी गळला.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या संवादातही हे वचन आहे, असे इंग्रजीतून शिकलेले लोक सांगतात. ते अर्धसत्य होय. त्यात एक वृद्ध गृहस्थ सांगतो, की आम्ही समवयस्क मंडळी जुन्या म्हणीप्रमाणे वरचेवर एकत्र जमतो. मूळ ग्रीकमध्ये पाखरे नाहीतच. ती एकोणिसाव्या शतकात बेंजामिन जॉवेट या भाषांतरकाराने आणून बसविली. भाषांतरकारावर विसंबून राहिले की असे होते.

आपल्या ग्रंथांत मात्र पाखरे आहेत, आणि ती टर्नरच्या कितीतरी आधीची. तालमूदच्या बाबा कम्मा या भागात, ब्याण्णवाव्या पानाच्या दुसऱ्या बाजूस, एक मनोरंजक संवाद येतो. वाईट खजुरीचे झाड वांझ झाडांच्या सोबतीस जाते, अशी लोकांत म्हण आहे. तिला आधार काय, असे रावा विचारतो. रब्बा बार मारी त्याला एक सोडून पाच आधार देतो. तोरामध्ये एसाव इश्माएलाकडे गेला. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत इफ्ताहाभोवती रिकामटेकडे लोक गोळा झाले. तिसरा आधार बेन सिराचा : प्रत्येक पक्षी आपल्या जातीजवळ राहतो व माणूस आपल्यासारख्याजवळ, अशा आशयाचा. (बेन सिराचा ग्रंथ तनाखमध्ये समाविष्ट झाला नाही, तरी रब्बींनी येथे त्याला 'लेखां'च्या पंक्तीत बसविले आहे, ही विद्वानांना पडलेली जुनी अडचण.) चौथा आधार मिश्नाचा, आणि पाचवा रब्बी एलिएझरचा, तोच आज हिब्रू बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे : जर्झीर पक्षी कावळ्याकडे उगाच गेला नाही, तो त्याच्याच जातीचा म्हणून गेला.

आजच्या हिब्रूत जर्झीर म्हणजे आपल्या साळुंकीचा भाऊबंद. थंडीच्या दिवसांत तो उत्तरेकडून नेगेवमध्ये उतरतो, आणि एखाद्या हिवाळ्यात राहात गावाच्या परिसरात संध्याकाळी हजारोंच्या संख्येने आभाळात असा काही फिरतो, की कोणी काळी ओढणी वाऱ्यावर झटकीत आहे असे वाटावे. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन तो देखावा पाहावयास गेलो आहोत. रोम येथील शास्त्रज्ञांनी अशाच थव्यांची छायाचित्रे घेऊन २००८ मध्ये दाखवून दिले, की थव्यातील पाखरू साऱ्या थव्याकडे पाहत नाही. ते आपल्या निकटच्या सहासात शेजाऱ्यांवर तेवढे लक्ष ठेवते, आणि तेवढ्यावर हजारोंचा थवा वळतो.

या जर्झीरावरून तालमूदमध्येच पुढे वाद आहे आणि तो आम्हांस वचनापेक्षाही मोलाचा वाटतो. हुल्लीन या भागात प्रश्न असा येतो, की एखादे पाखरू खाण्यास शुद्ध की अशुद्ध हे त्याच्या सोबतीवरून ठरवावे काय? रब्बी एलिएझरच्या मताने सोबत पुरेशी. कावळ्याकडे गेला, म्हणजे कावळ्याचाच. परंतु इतर आचार्यांच्या बाजूने उत्तर दिले जाते, की नुसता शेजार पुरत नाही. शेजारही हवा आणि सारखेपणाही हवा. दोन्ही पाहिल्यावाचून निवाडा करू नये.

आपल्या मराठीने या वादात तिसरीच बाजू घेतली आहे. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' इंग्रजी वचन म्हणते, सारखे होते म्हणून एकत्र आले. मराठी म्हण म्हणते, एका दावणीला बांधले म्हणून सारखे झाले. आणि 'बांधला' या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. पवळ्याने शेजार निवडला नव्हता. दावण शेतकऱ्याची.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षे झाली. आम्ही त्या वेळी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे भारतातून आलेले आम्ही तीन शिक्षक होतो. मधल्या सुट्टीत तिघेही खिडकीजवळच्या टेबलाशी बसत असू. कोणाच्या डब्यात चपाती असे, कोणाच्या चिंचेचे सार. एके दिवशी इंग्रजी भाषक देशातून आलेले एक सहकारी जवळून जाताना हसून म्हणाले, 'बर्ड्स ऑफ अ फेदर!' आम्हीही हसलो. उत्तर सुचले नाही, कारण वचन शुद्ध होते, उच्चार शुद्ध होता, आणि तिघांच्या डब्यांना एकच वास येत होता हेही खरे. पुढे तासावर गेल्यावर कळेना, की फळ्यावर लिहिताना खडू दोनदा का मोडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीभर नजर फिरविली. रशियन बोलणारे रशियन बोलणाऱ्यांपाशी बसले होते. मोरोक्कोहून आलेल्या घरांतील मंडळी त्यांच्या टेबलाशी, आणि ते आमचे सहकारी अर्थातच इंग्रजी बोलणाऱ्यांत. त्या टेबलाला कोणी थवा म्हणत नव्हते. या वचनाचा एक अलिखित नियम त्या दिवशी आम्ही शिकलो, तो अध्यापन पदविकेच्या वर्गात मुंबईत कोणी शिकविला नव्हता : हे वचन तृतीयपुरुषी चालते, द्वितीयपुरुषी बोचते, आणि प्रथमपुरुषी क्वचितच ऐकू येते. स्वतःचा थवा कोणाला दिसत नाही.

दिमोनाच्या भगिनी म्हणतील, की आम्ही तर ते प्रथमपुरुषीच वापरीत आहोत; दुसऱ्याचा खडा आपणच उचलून माळेत ओवला तर बिघडले काय? मुद्दा बिनतोड आहे. त्यांचा नातू या देशात जन्मला. त्याच्या कानाला तो डंख लागत नाही, ही आनंदाचीच गोष्ट. आमची हरकत डंखापेक्षा 'पीस' या शब्दाला अधिक आहे. आपली पिसे कोणती, हे आपल्या बाबतीत कोणी ठरविले?

कोकणात आपले पूर्वज थव्याने राहतच नव्हते. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपण सारे जाणतो. त्या सातांचे वंशज गावोगाव पांगले, आणि कोठे एक घर, कोठे दोन घरे अशी वस्ती झाली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे म्हणजे पांगल्याचीच नोंद होय. पिसांवरून कोणी ओळखावयास गेले असते तर ओळखले नसते. बायकांचे लुगडे शेजारणीसारखे, गळ्यात मंगळसूत्र, तोंडी मराठी. ओळख पटे ती पिसांखेरीज इतर गोष्टींवरून : आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवल्यांवाचूनची मासळी वर्ज्य, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद. 'शनवार तेली' हे नाव शेजाऱ्यांनी दिले ते आपण काय करीत नाही ते पाहून. थवा नसताना शेकडो वर्षे जात टिकली. तिला सामावणारे पहिले प्रार्थनामंदिर, शाआर हारहामीम, मुंबईत १७९६ मध्ये सामुएल एझिकेल दिवेकर यांनी उभारले, म्हणजे फारच उशिरा.

आणि थवा जमू लागताच पिसे मोजणारेही आले. मुंबईतील बगदादी यहुद्यांनी १८३६ मध्ये कबरस्तानात आपल्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून मिळावी असा अर्ज सरकारकडे केला. हे आपण रागाने सांगतो, व सांगावेही. परंतु आपल्यातच 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद होता, त्यांच्यात सोयरीक होत नसे, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. टर्नरच्या वाक्यातील तो गळलेला रंग आपल्या ओसरीवरही सापडला असता.

पुढे या देशात १९६२ साली रब्बाईच्या सूचना निघाल्या, की बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह समाजाबाहेरील यहुदी व्यक्तीशी व्हावयाचा असेल तर तिच्या आईचे, आजीचे व त्यामागील पिढ्यांचे कूळ शक्य तेवढे तपासावे. पाखरू थव्यात आले होते, समुद्र ओलांडून आले होते, आणि त्याला पिसे उलगडून दाखविण्यास सांगण्यात आले. त्या वेळी आमचा जन्म झाला नव्हता. ज्येष्ठांकडून ऐकले ते असे, की अपमान कागदाचा नव्हता, आजीचा होता. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेम येथे आपल्या लोकांनी मुलाबाळांसह धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटच्या खास बैठकीत जाहीर झाले, की भारतातून आलेले बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असून त्यांचे हक्क इतर यहुद्यांइतकेच आहेत. त्यानंतर रब्बाईच्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले.

जी मंडळी विचारीत होती 'तुम्ही आमच्या पिसांचे कशावरून?', त्याच मंडळींपैकी कोणी काही वर्षांनी विचारू लागले, 'तुम्ही सदा आपापल्यातच का बसता?' दिमोना, येरुहाम, बेर शेवा, लोद येथे आपली घरे जवळजवळ आहेत, याला पाखरांचा स्वभाव किती कारण आणि त्या काळी नव्या गावांत घरे वाटणाऱ्यांची यादी किती कारण, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. 'फ्लॉक' या शब्दाचे दोन अर्थ वर सांगितले ते याचसाठी.

आता पत्रिकेवर या वचनाच्या जागी काय घालावे? आपल्यापाशी शब्दांची वाण नाही. हिब्रूत पाहावे तिकडे जमणेच आहे : बेत क्नेसेत म्हणजे जमण्याचे घर, क्नेसेट म्हणजे जमाव, किबुत्स म्हणजे गोळा होणे. 'सिनेगॉग' हा ग्रीक शब्दही एकत्र आणणे एवढाच अर्थ सांगतो. 'एदा' या शब्दाची कथा तर ऐकण्याजोगी आहे. मिनियानला दहाच माणसे का, याचा आधार रब्बींनी गणना ग्रंथातून काढला. कनान देश पाहून आलेल्या बारा हेरांपैकी दहा जणांनी लोकांचे धैर्य खचविले, आणि त्या दहांना तोरा 'दुष्ट एदा' म्हणते. म्हणून एदा म्हणजे दहा. खरेखुरे एकाच माळेचे मणी होते ते! तरी प्रार्थनेची संख्या ठरली ती त्यांच्यावरून. मराठीत पाचामुखी परमेश्वर आहे. आपल्याला पाच अधिक लागतात. आमच्या गल्लीतील प्रार्थनामंदिरात थंडीच्या सकाळी नऊच माणसे झाली, की कोणीतरी समोरच्या जिन्याने वर जाऊन बुखाराहून आलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांचे दार वाजवितो. ते कुरकुरत, चपला फरपटत येतात. त्यांचे पीस अद्याप कोणी पाहिलेले नाही.

आणि आपली 'जमात'! अरबीतून आलेला हा शब्द आपले वाडवडील मंडळीसाठी सर्रास वापरीत. त्याच घराण्यातील क्रियापद 'जमणे'. मराठीने या क्रियापदाला जो अर्थविस्तार दिला तसा इंग्रजीने 'फ्लॉक'ला दिला नाही. माणसे जमतात. लग्न जमते. सूर जमतो. 'आमचे दोघींचे छान जमते' म्हणजे पटते. 'तुला हे जमेल' म्हणजे साधेल. एकत्र येणे, पटणे आणि साधणे या तिन्ही गोष्टींना मराठी एकच शब्द पुरविते. त्यात आधी सारखे असण्याची अट कोठेच नाही.

तेव्हा भगिनींना आमची सूचना अशी. पाखरांची नक्षी ठेवावी. मुलाने कष्टाने काढली आहे, आणि तिच्यात निरनिराळ्या पाखरांना जागा असेल तर उत्तमच. शिरोभागीचे इंग्रजी वचन काढून तेथे आपल्या गावाचे नाव घालावे. खाली वेळ, स्थळ वगैरे मजकूर इंग्रजीत असू द्यावा, आणि अगदी तळाशी देवनागरीत एकच ओळ छापावी : 'आपण सारे जमू या.' नातवंडांना ती वाचता येणार नाही हे आम्ही विसरलो नाही. एखादे तरी येऊन विचारील, की आजी, हे काय लिहिले आहे?

पत्रिकेत संमेलनाची वेळ दुपारी चारची दिली आहे. मलिदा आहे किंवा नाही याचा उल्लेख मात्र नाही. तो अवश्य करावा, म्हणजे बेर शेवाकडच्या मंडळींना बसचा हिशेब करता येईल.